सावलीकडून छेदाकडे : सीटी स्कॅन तंत्राच्या उगमाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इ.स. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील घराघरांत 'एचआरसीटी स्कोअर' हा शब्दप्रयोग रुळला. करोनाबाधित रुग्णाच्या फुप्फुसाला पंचवीसपैकी किती गुण मिळाले, याची चौकशी नातेवाईक दूरध्वनीवरून करीत. गुण जितके कमी तितके बरे, अशी ही परीक्षा होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने या तपासणीचे कमाल दर निश्चित केले, तेव्हा ते यंत्रातील 'स्लाइस'च्या संख्येनुसार २,००० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान ठेवले. क्ष-किरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एक पारिभाषिक संज्ञा अशा रीतीने शासकीय आदेशात आणि तेथून सामान्य माणसाच्या बोलण्यात आली.

ज्या यंत्रावर आपण इतका विश्वास टाकला त्याचा पूर्वेतिहास मात्र आपल्या परिचयाचा नाही. मराठीत सीटी स्कॅनविषयी जे लेखन आढळते ते बहुधा रुग्णोपयोगी माहितीच्या स्वरूपाचे असते. इतिहास सांगितलाच तर तो एका वाक्यात आटोपतो : गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने १९७१ मध्ये सीटी स्कॅनरचा शोध लावला. हे विधान चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. या तंत्राच्या मुळाशी असलेला प्रश्न एका गणितज्ञाने १९१७ मध्येच सोडविला होता. त्यानंतरच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत खगोलशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, मज्जातंतुतज्ज्ञ, जीवभौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते अशा निरनिराळ्या मंडळींनी तोच प्रश्न आपापल्या खोलीत बसून, बहुतेक वेळा एकमेकांच्या नकळत, पुन्हा सोडविला. त्यांपैकी एक उत्तर बंगळुरूहून आले होते. ज्ञान उपलब्ध असूनही ते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत का पोहोचले नाही, आणि अखेर ते एकत्र कसे आले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

सावलीची मर्यादा

विल्हेल्म रॉंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे क्ष-किरण प्रथम पाहिले. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्ष-किरण चित्राने वैद्यकात क्रांती घडविली हे खरे असले तरी ते चित्र मूलतः एक सावली आहे. छातीचे चित्र काढताना बरगड्या, हृदय, फुप्फुसे आणि पाठीचा कणा या सर्वांच्या सावल्या एकाच फिल्मवर एकमेकींवर पडतात. तीन मितींचे शरीर दोन मितींत दडपले जाते. हाड आणि हवा यांमध्ये किरण शोषण्याच्या क्षमतेत मोठा फरक असल्याने ते वेगळे दिसतात. परंतु मेंदूतील करडा भाग आणि श्वेत भाग, किंवा निरोगी ऊती आणि अर्बुद, यांतील फरक इतका अल्प असतो की तो सावलीत हरवून जातो. शिवाय मेंदूभोवती कवटीचे हाड आहे. म्हणजे शरीराचा जो अवयव पाहण्याची सर्वाधिक निकड, तोच क्ष-किरणांना सर्वाधिक अनोळखी राहिला.

या अडचणीवर काढलेले उपाय आज वाचतानाही अंगावर काटा येतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये कवटीला छिद्र पाडून मेंदूतील पोकळ्यांत हवा भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९१९ मध्ये पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याची. मेंदूतील द्रव काढून तेथे हवा आली की पोकळ्यांचा आकार चित्रात उमटे. त्या आकारात झालेल्या बदलावरून गाठ कोठे असावी याचा तर्क करावयाचा. रुग्णाला खुर्चीला बांधून निरनिराळ्या दिशांना कलते करीत, जेणेकरून हवेचा बुडबुडा हव्या त्या पोकळीत जावा. त्यानंतर तीव्र डोकेदुखी आणि उलट्या यांचा त्रास कित्येक दिवस चाले. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अपारदर्शक द्रव्य सोडून त्यांचे चित्रण केले. ही पद्धत अधिक उपयुक्त ठरली, परंतु तीतही मेंदूचे प्रत्यक्ष दर्शन नव्हते. गाठ दिसत नसे, तिने बाजूला ढकललेली रक्तवाहिनी तेवढी दिसे. १९७० पर्यंत जगभरातील मेंदूतज्ज्ञ याच अप्रत्यक्ष पुराव्यांवर शस्त्रक्रियेचा निर्णय घेत होते, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे. १९१७ मधील उत्तर पोहोचण्यास झालेल्या विलंबाची किंमत या रुग्णांनी मोजली.

मधल्या काळात सावल्यांची गुंतागुंत यांत्रिक युक्तीने कमी करण्याचे प्रयत्न झाले. क्ष-किरण नलिका आणि फिल्म परस्परविरुद्ध दिशांना सरकविल्या की शरीरातील एकच पातळी स्पष्ट राहते आणि बाकीच्या पुसट होतात. १९२० आणि १९३० च्या दशकांत फ्रान्स, इटली व नेदरलँड्स येथे स्वतंत्रपणे विकसित झालेले हे टोमोग्राफीचे तंत्र. 'टोमोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ काप किंवा छेद. मात्र येथे नको असलेल्या पातळ्या पुसट होत, नाहीशा होत नसत.

चार घरांचे कोडे

सीटी स्कॅनमागील तत्त्व समजण्यासाठी उच्च गणिताची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखक इतिहासाचा विद्यार्थी असल्याने हे विधान स्वानुभवावरून करीत आहे. दोन ओळी आणि दोन स्तंभ असलेला चार घरांचा एक चौकोन कल्पावा. प्रत्येक घरात एक संख्या लपलेली आहे. आपल्याला घरे उघडता येत नाहीत, फक्त बेरजा कळतात. वरच्या ओळीची बेरीज ८, खालच्या ओळीची ८, डाव्या स्तंभाची ७, उजव्या स्तंभाची ९. एवढ्यावरून उत्तर निश्चित होत नाही : वर ४, ४ आणि खाली ३, ५ असेही चालेल, वर ५, ३ आणि खाली २, ६ असेही चालेल. परंतु वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतच्या कर्णाची बेरीज ११ आहे, एवढे आणखी कळले की पहिला पर्याय बाद होतो आणि दुसराच उरतो. दिशा वाढली की संदिग्धता कमी झाली.

शरीराच्या छेदातील प्रत्येक बारीक तुकडा हे असे एक घर होय. त्यातील संख्या म्हणजे त्या तुकड्याचा क्षीणन गुणांक, अर्थात तो क्ष-किरणांना किती अडवितो याचे माप. शरीरातून आरपार गेलेल्या किरणाची तीव्रता मोजून तिचा लॉगॅरिथम घेतला की त्या किरणाच्या मार्गातील सर्व गुणांकांची बेरीज मिळते. सर्व बाजूंनी अशा बेरजा घ्यावयाच्या आणि त्यांवरून प्रत्येक घरातील संख्या शोधावयाची. छायाचित्रणाशी याचे नाते दूरचे आहे. सीटी प्रतिमा ही टिपलेली नसते, ती गणलेली असते.

योहान रेडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्ये याच प्रश्नाचे सर्वसामान्य उत्तर दिले. प्रतलावरील एखाद्या फलनाच्या सर्व सरळ रेषांवरील बेरजा ज्ञात असतील तर ते फलन निश्चितपणे परत मिळविता येते, हे त्यांनी सिद्ध केले. हा निबंध लाइप्झिग येथील सॅक्सन विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पहिले महायुद्ध चालू होते. रेडॉन यांच्या डोळ्यांसमोर कोणताही रुग्ण वा यंत्र नव्हते, शुद्ध गणितातील एक प्रश्न होता. निबंध छापला गेला, ग्रंथालयांत गेला, आणि ज्यांना त्याची गरज पडणार होती त्यांच्या दृष्टीने तेथेच राहिला. रेडॉन यांचे निधन १९५६ मध्ये झाले.

त्याच १९५६ या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियात जन्मलेले रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी सूर्याच्या पृष्ठावरील रेडिओलहरींचे स्रोत कसे शोधावेत याविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या दुर्बिणीस सूर्याचा एकेक बिंदू दिसत नसे, एका अरुंद पट्ट्यातील एकूण उत्सर्जन तेवढे मिळे. पट्ट्यांच्या बेरजांवरून नकाशा तयार करणे हा रेडॉन यांचाच प्रश्न होता. ब्रेसवेल यांनी तो फूरिये विश्लेषणाच्या साहाय्याने सोडविला. दुसरी घटना केप टाउनमधील होती.

केप टाउन आणि लॉस एंजेलिस

ॲलन कॉरमॅक हे केप टाउन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. तेथील ग्रूट शूर रुग्णालयात किरणोत्सारी द्रव्यांच्या वापरावर देखरेख करण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ असणे कायद्याने बंधनकारक होते आणि तेथील पद रिक्त झाले होते. म्हणून १९५६ च्या पूर्वार्धात आठवड्यातून दीड दिवस हे काम कॉरमॅक यांच्याकडे आले. कर्करुग्णांना द्यावयाच्या किरणमात्रेचे नियोजन पाहताना त्यांच्या लक्षात आले की शरीर सर्वत्र एकसारखे आहे असे गृहीत धरून हिशेब केले जात आहेत. हाड, स्नायू, फुप्फुस यांच्या क्षीणन गुणांकांचा नकाशा असल्याखेरीज मात्रा अचूक ठरणार नाही, आणि तो नकाशा शरीराबाहेरून केलेल्या मापनांवरूनच मिळवावा लागेल. हा गणिताचा प्रश्न यापूर्वी कोणीतरी सोडविलाच असणार, असे समजून त्यांनी शोध घेतला, गणितज्ञांना विचारले. काही हाती लागले नाही. तेव्हा त्यांनी तो स्वतः सोडविला. रेडॉन यांच्या निबंधाची माहिती त्यांना पुढे सुमारे चौदा वर्षांनी झाली.

१९५७ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची तबकडी आणि तिच्याभोवती लाकडी कडे अशा साध्या वस्तूवर गॅमा किरणांनी प्रयोग केला. उत्तरात तबकडीच्या मध्याशी गुणांक किंचित वेगळा आला. चौकशी केली तेव्हा कळले की कारागिराने तबकडीच्या मध्यभागी एक खुंटी बसविलेली होती. म्हणजे पद्धतीने तिच्या कर्त्यालाही ठाऊक नसलेली वस्तू शोधून काढली होती. प्रस्तुत लेखकाच्या मते सीटीच्या इतिहासातील हा पहिला खरा 'निदानाचा' क्षण मानावयास हरकत नाही, जरी त्यात रुग्ण नव्हता.

पुढे कॉरमॅक अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात गेले आणि १९६३ व १९६४ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांना जवळजवळ काहीच प्रतिसाद मिळाला नाही. जी थोडी विचारणा झाली तीत एक पत्र स्वित्झर्लंडमधील हिमस्खलन संशोधन केंद्राचे होते. डोंगरावरील बर्फाच्या थरांचा अंदाज घेण्यास ही पद्धत उपयोगी पडेल असे त्यांना वाटले. डॉक्टर ही नियतकालिके वाचत नव्हते.

विल्यम ओल्डेनडॉर्फ यांची गोष्ट याच्या उलट आहे. ते स्वतः डॉक्टर होते, लॉस एंजेलिसमध्ये मज्जातंतुतज्ज्ञ म्हणून काम करीत, आणि मेंदूत हवा भरण्याची ती क्रूर तपासणी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली होती. या प्रश्नाकडे ते वळले ते मात्र संत्र्यांमुळे. गारठ्याने आतून सुकलेली फळे बाहेरून ओळखणारे यंत्र करता येईल का, अशी विचारणा त्यांच्याकडे झाली होती. आवरणाच्या आत काय आहे हे आवरण न फोडता जाणणे, हाच कवटीचाही प्रश्न. खेळण्यातील आगगाडीसारख्या घरगुती वस्तू वापरून, प्लास्टिकच्या ठोकळ्यात रोवलेल्या खिळ्यांवर त्यांनी प्रयोग केला. १९६१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि १९६३ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळविले. क्ष-किरण उपकरणे बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांचा प्रस्ताव नाकारला. डोक्याचा छेद दाखविण्याखेरीज ज्याचा उपयोग नाही अशा महागड्या यंत्रास बाजारपेठ कोठून मिळणार, हा कंपनीचा प्रश्न होता. कॉरमॅक यांच्याकडे गणित होते पण रुग्णालय दूर गेले होते, ओल्डेनडॉर्फ यांच्याकडे रुग्णालय होते पण पुनर्रचनेचे गणित आणि पुरेसा वेगवान संगणक नव्हता.

हेझचा अभियंता

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचा जन्म १९१९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यात झाला. बालपण वडिलांच्या शेतावर गेले. दुसऱ्या महायुद्धात ते वायुदलात रडारविषयक काम शिकले, लंडनच्या फॅरडे हाउस या संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९५१ मध्ये ते ईएमआय कंपनीत रुजू झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतलेली नव्हती. ब्रिटनमधील पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या पहिल्या संगणकांपैकी एक असलेला 'एमिडेक ११००' त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला.

ईएमआय हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या वाटेने परिचित आहे. ज्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकली, ती ग्रामोफोन कंपनी १९३१ मध्ये कोलंबिया कंपनीशी एकत्र होऊन ईएमआय स्थापन झाली होती. या संगीतव्यवसायामुळे एक आख्यायिका प्रचलित झाली आहे : 'बीटल्स' या गायकवृंदाच्या तबकड्यांतून मिळालेल्या नफ्यावर सीटी स्कॅनर उभा राहिला. आख्यायिका आकर्षक असली तरी ती हिशेबाला उतरत नाही. या प्रकल्पात ब्रिटिश शासनाच्या आरोग्य व समाजसुरक्षा खात्याचा वाटा कंपनीच्या वाट्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा होता. सार्वजनिक पैशावर उभे राहिलेले संशोधन खासगी औदार्याच्या नावे जमा होणे, ही इतिहासलेखनातील एक परिचित चूक आहे आणि ती दुरुस्त करणे अगत्याचे आहे.

१९६७ मध्ये हाउन्सफिल्ड यांच्या मनात कल्पना आली की एखाद्या बंद पेटीत काय आहे हे सर्व कोनांतून मापने घेऊन ठरविता येईल. रेडॉन, ब्रेसवेल, कॉरमॅक, ओल्डेनडॉर्फ यांच्या कार्यावर त्यांची कल्पना आधारलेली नव्हती. पहिले उपकरण एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर बसविलेले होते. किरणांचा स्रोत अमेरिशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य होते आणि ते इतके दुर्बळ होते की एका छेदासाठी ९ दिवस लागले. सुमारे २८,००० मापने झाली आणि त्यांवरून प्रतिमा काढण्यास संगणकाला अडीच तास लागले. क्ष-किरण नलिका बसविल्यावर ९ दिवसांचे ९ तास झाले.

त्यानंतर जतन केलेल्या मानवी मेंदूचा छेद घेण्यात आला. करडा व श्वेत भाग वेगळे दिसले आणि सर्वांना आनंद झाला. परंतु लवकरच लक्षात आले की नमुना टिकविण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे ऊतींमधील फरक वाढलेला होता, परिणाम खरा होता त्याहून उठावदार दिसत होता. तेव्हा खाटिकखान्यातून बैलांचे ताजे मेंदू आणण्यात येऊ लागले. फरक कमी झाला, परंतु नाहीसा झाला नाही. आपल्याला हवा तसा निष्कर्ष मिळाल्यावरही त्याची फेरतपासणी करणे, हा या प्रकल्पातील सर्वांत अनुकरणीय भाग होय.

विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांच्या सहकार्याने १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचे चित्रण झाले. मेंदूच्या पुढील भागात अर्बुद असल्याचा संशय असलेली ती एक स्त्री होती. तिचे डोके पाण्याने भरलेल्या पेटीत, रबरी आवरणात ठेवण्यात आले. पाण्यामुळे कवटीच्या बाहेरील हवेमुळे येणारा मोठा फरक टळे आणि मापन सुलभ होई. पेन्सिलीसारखा बारीक किरण डोक्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरकत १६० मापने घेई, मग सारी चौकट एक अंशाने फिरे, पुन्हा १६० मापने. असे १८० अंश, म्हणजे एकूण २८,८०० मापने. एका फेरीस चार-पाच मिनिटे लागत. मापने चुंबकीय फितीवर भरून कंपनीच्या संगणकाकडे पाठविण्यात आली. ८० ओळी आणि ८० स्तंभ यांच्या, म्हणजे ६,४०० घरांच्या त्या प्रतिमेत डाव्या बाजूस गोलाकार गाठ स्पष्ट दिसली. शस्त्रक्रियेत ती तशीच आढळली. एप्रिल १९७२ मध्ये लंडनमध्ये क्ष-किरणतज्ज्ञांपुढे हे निष्कर्ष मांडण्यात आले आणि १९७३ मध्ये ते निबंधरूपाने प्रसिद्ध झाले.

या यंत्रासोबत एक मापनपट्टीही आली. पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार मानून प्रत्येक ऊतीचे स्थान सांगणारी ही पट्टी आज हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखली जाते. चरबी उणे शंभराच्या आसपास, मेंदूच्या ऊती वीस ते चाळीस, ताजे गोठलेले रक्त त्याहून अधिक, घट्ट हाड हजाराच्या घरात. डोळ्याला इतक्या करड्या छटा वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून हव्या त्या मर्यादेतील संख्याच पडद्यावर पसरविल्या जातात. एकाच मापनातून फुप्फुसाचे, हाडाचे आणि मऊ ऊतींचे अशी तीन वेगवेगळी चित्रे काढता येतात ती यामुळे. आपल्या हाती येणाऱ्या फिल्मवर एकच छेद दोनदा का छापला आहे, हा प्रश्न अनेकांना पडत असेल, त्याचे उत्तर हेच.

बंगळुरूचा निबंध

हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिला रुग्ण पाहिला त्याच १९७१ या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रामचंद्रन (१९२२-२००१) हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना आणि प्रथिनांच्या अभ्यासात आजही वापरला जाणारा 'रामचंद्रन आलेख' यांमुळे जीवशास्त्राच्या प्राध्यापकांस ते परिचित आहेत. मद्रासहून ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते आणि तेथे त्यांनी रेणवीय जीवभौतिकी विभाग उभारला.

त्यांच्या निबंधाचे महत्त्व असे : प्रत्येक दिशेने घेतलेली सावली मूळ चौकोनावर परत पसरविली, तर वस्तूचा आकार उमटतो, परंतु त्याभोवती धुरकट प्रभावळ राहते, कारण बेरीज ज्या रेषेतून आली त्या संपूर्ण रेषेवर ती वाटली जाते. ही प्रभावळ काढण्यासाठी तोपर्यंत फूरिये रूपांतर करून, तेथे दुरुस्ती करून, पुन्हा उलट रूपांतर करावे लागे. त्या काळच्या संगणकांवर हे काम वेळखाऊ होते. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी दाखविले की रूपांतराचा हा फेरा टाळता येतो. प्रत्येक सावलीची एका ठरावीक संख्यामालिकेशी कन्व्होल्यूशन या क्रियेने सांगड घातली, की सावलीच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्या निर्माण होतात, आणि सर्व सावल्या परत पसरविल्यावर या ऋण संख्या प्रभावळ पुसून टाकतात. साध्या गुणाकार-बेरजांनी काम होते. शिवाय एका दिशेचे मापन झाले की त्याची दुरुस्ती लगेच करता येते, बाकीच्या दिशांची वाट पाहावी लागत नाही. तत्सम कल्पना ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ मध्ये खगोलशास्त्रात मांडली होती. परंतु वैद्यकीय यंत्रांच्या जगात ती रूढ होण्यात बंगळुरूच्या निबंधाचा मोठा वाटा आहे. शेप आणि लोगन यांनी १९७४ मध्ये हीच पद्धत सुधारली आणि पुढील तीन दशके बहुतेक सर्व सीटी यंत्रे तिच्यावर चालली. लक्ष्मीनारायणन यांनी पुढे अमेरिकेत पंख्यासारख्या पसरणाऱ्या किरणांसाठी हे गणित विस्तारले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडील काही भाषणांत सीटी स्कॅन हा मुळात भारतीय शोध असल्याचा दावा ऐकू येतो. तो स्वीकारता येत नाही. ईएमआयचे पहिले यंत्र निराळ्या, पुनःपुन्हा अंदाज सुधारत जाणाऱ्या पद्धतीने प्रतिमा काढीत असे आणि रामचंद्रन यांच्या कार्याशी त्याचा संबंध नव्हता. परंतु दुसऱ्या टोकाला, पाश्चात्त्य लोकप्रिय इतिहासांतून रामचंद्रन यांचे नाव सर्रास गळते, हेही न्याय्य नाही. संशोधन व अध्यापनात जगभर वापरल्या जाणाऱ्या मॅटलॅब या संगणकप्रणालीत छेदपुनर्रचनेची आज्ञा दिली आणि वेगळे काही सांगितले नाही, तर जी दुरुस्ती आपोआप लागू होते तिचे नाव 'राम-लॅक' असे आहे. ती आज्ञा स्वतः रेडॉन यांच्या नावाची आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कॉरमॅक यांचे पदव्युत्तर शिक्षण स्फटिकशास्त्रातील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून त्रिमितीय रचना काढण्याची पद्धत १९६८ मध्ये मांडणारे ॲरन क्लुग हेही केप टाउनचे विद्यार्थी आणि स्फटिकशास्त्रज्ञ. रामचंद्रनही स्फटिकशास्त्रज्ञच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रेसवेल, कॉरमॅक आणि रामचंद्रन हे तिघेही केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, वेगवेगळ्या विभागांत, काम करीत होते. या योगायोगावर मोठी इमारत उभारू नये. तथापि मोजलेल्या किरणांवरून न दिसणारी रचना गणिताने उभी करणे, हे तेथील स्फटिकशास्त्राचे आणि रेडिओलहरींच्या अभ्यासाचे रोजचे काम होते. ज्यांना ही सवय होती त्यांना छेदाचा प्रश्न सुटण्याजोगा वाटला. रुग्णालयांतील क्ष-किरणतज्ज्ञांची सवय फिल्म वाचण्याची होती, संख्या वाचण्याची नव्हती.

मान्यता

१९७५ चे लास्कर पारितोषिक हाउन्सफिल्ड आणि ओल्डेनडॉर्फ यांना विभागून देण्यात आले. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल मात्र कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना मिळाले. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हते, आणि दोघांपैकी कोणाकडेही पीएच.डी. नव्हती. ओल्डेनडॉर्फ वगळले गेले. तत्त्व सांगणे, गणित सोडविणे आणि यंत्र चालवून दाखविणे यांपैकी शोध कशाला म्हणावे, हा प्रश्न नोबेल समितीने आपल्या परीने सोडविला. इतिहासकाराने तो तसाच सोडविला पाहिजे असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ओल्डेनडॉर्फ यांच्यावर अन्याय झाला, कारण रुग्णाच्या वेदनेपासून यंत्राच्या कल्पनेपर्यंतचा संपूर्ण प्रवास या मंडळींत प्रथम त्यांनी केला होता.

वेग, मात्रा आणि परत आलेली पद्धत

पुढील इतिहास मुख्यतः वेगाचा आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील रॉबर्ट लेडली यांनी १९७३-७४ मध्ये संपूर्ण शरीराचा छेद घेणारे, पाण्याच्या पेटीची गरज नसलेले यंत्र बनविले. एका बारीक किरणाऐवजी पंख्यासारखा पसरणारा किरणझोत आणि त्यासमोर डिटेक्टरांची कमान आली, सरकण्याची क्रिया गेली, केवळ फिरणे उरले. मिनिटांचे सेकंद झाले. ईएमआयने काही वर्षे बाजारपेठ गाजविली. एका यंत्राची किंमत सुमारे तीन लाख डॉलरांच्या घरात होती आणि अमेरिकेत आरोग्यखर्चाच्या वाढीविषयी जो वाद झाला त्यात सीटी स्कॅनर हे नेहमीचे उदाहरण असे. परंतु मोठ्या विद्युत कंपन्या स्पर्धेत उतरल्यावर ईएमआय मागे पडली, तोट्यात गेली आणि १९७९ मध्ये थॉर्न कंपनीत विलीन झाली. ज्या कंपनीने यंत्र जगाला दिले ती दहा वर्षेही त्या व्यवसायात टिकली नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिरत्या भागाला वीजपुरवठा करणारी सरकती कडी आली. तत्पूर्वी प्रत्येक फेरीनंतर केबल उलगडण्यासाठी यंत्र उलटे फिरवावे लागे. आता नलिका अखंड फिरू लागली आणि रुग्णाचा टेबल पुढे सरकत राहिला. विली कालेंडर यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या या सर्पिल पद्धतीमुळे एका श्वासात संपूर्ण छाती पाहता येऊ लागली. १९९८ मध्ये एका फेरीत चार, २००४ च्या सुमारास चौसष्ट स्लाइस घेणारी यंत्रे बाजारात आली.

वेग वाढला तशी तपासण्यांची संख्या वाढली आणि तीबरोबर किरणमात्रेचा प्रश्न पुढे आला. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, डोक्याच्या सीटीची सुमारे २ आणि पोटाच्या सीटीची ८ ते १० मिलिसिव्हर्ट. गरज असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा धोका अगदी अल्प आहे, परंतु गरज नसलेल्याच्या दृष्टीने तो निष्कारण आहे. करोनाकाळात सौम्य लक्षणांच्या रुग्णांनीही स्कोअरसाठी रांगा लावल्या, काहींनी तर आठवड्यात दोनदा. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातही असे घडले. तेव्हा कोणी मात्रेविषयी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आपल्या देशात सीटी यंत्र चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आवश्यक आहे. परंतु परवाना यंत्राला मिळतो, तपासणी आवश्यक आहे की नाही हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांवरच अवलंबून असते.

मात्रा कमी करण्याच्या प्रयत्नांतून एक जुनी गोष्ट परत आली. कमी किरणांत घेतलेली मापने गोंगाटयुक्त असतात आणि कन्व्होल्यूशनच्या पद्धतीत तो गोंगाट प्रतिमेत उतरतो. २००९ च्या सुमारापासून कंपन्यांनी पुन्हा अंदाज बांधणे, तपासणे आणि सुधारणे या पद्धतीची यंत्रे आणली, म्हणजे हाउन्सफिल्ड यांनी १९७१ मध्ये वापरलेला आणि नंतर संथ म्हणून सोडून दिलेला मार्ग. संगणक आता तो परवडण्याइतके वेगवान झाले आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली नवी यंत्रे क्ष-किरणांचा एकेक फोटॉन वेगळा मोजतात आणि त्याची ऊर्जाही नोंदवितात.

हाउन्सफिल्ड यांचे निधन ऑगस्ट २००४ मध्ये झाले. विम्बल्डनचे ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालय त्याच्या आदल्या वर्षी बंद झाले होते. तेथील सेवा टूटिंगच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हलविण्यात आल्या आणि त्या आवारात आता निवासी घरे आहेत.